लिमिटेड एडिशन पीसवर "ओरखडा आहे" असा मेसेज आला की काय करायचं

इंदूरात फाउंटन पेन, डाय-कास्ट गाड्या (साच्यात धातू ओतून केलेल्या छोट्या मॉडेल गाड्या) आणि खेळाडूच्या सहीच्या बॅटी असलं लिमिटेड एडिशन सामान विकणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांना सगळ्यात जास्त छळते ती माल बिघडल्याची तक्रार नाही, माल दिसायला डागी निघाला ही तक्रार. पेन छान लिहितंय, गाडीची चाकं फिरताहेत, बॅटला स्ट्रोक आहे, पण टोपणावर एक बारीक रेघ आहे, बंपरवर पेंटचा टवका उडालाय, नाहीतर बॅटच्या फेसवर काळपट ठिपका आहे. साध्या मालात हे पाच मिनिटांचं काम, शेल्फवरून दुसरा पीस काढला, हातात दिला, सॉरी काका, झालं. लिमिटेडमध्ये तो दुसरा पीसच नसतो. कंपनीने बनवले ५००, भारतात आले थोडेसे, तुमच्या वाट्याला दोन, आणि ते दोन्ही बुकिंगमध्येच गेले. बदलून द्यायला काही नसताना तक्रार कशी निभवायची एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर माल विकायच्या आधीच तयार ठेवावं लागतं. नंतर उरतं ते एवढंच की निर्णय गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा आणि आपण "एवढुसा तर आहे" असा वाद घालत बसायचं नाही.

डाग कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

दिसण्याच्या तक्रारी तीन जातीच्या असतात. एक, त्या मटेरियलचा स्वभावच तसा आहे. दोन, बनवताना चूक झाली. तीन, नंतर कुठेतरी लागलं, म्हणजे गोदामात, तुमच्या दुकानात किंवा कुरियरमध्ये. या तिन्हींना एकच उत्तर देऊन चालत नाही, आणि गिऱ्हाईकाला पहिली जात माहीतच नसते, ते सांगणं आपलं काम.

बॅटी घ्या. इंदूरात बॅटीचा शौक जुनाच, सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ज्या होळकर टीममधून खेळले तिने चार वेळा रणजी जिंकलेली, २०११ ला होळकर स्टेडियमवरच सेहवागने २१९ ठोकले, त्यामुळे सही केलेली किंवा नंबर टाकलेली बॅट काचेत लावून ठेवणारी मंडळी इथे भरपूर आहेत. आता इंग्लिश विलो हे शेवटी झाडाचं लाकूड, त्यात ग्रेन, म्हणजे लाकडातल्या उभ्या रेघा, कुठे जवळ कुठे लांब, कुठे बारीक गाठ, कुठे तो तपकिरी "बटरफ्लाय" डाग. आणि ग्रेड वन, ग्रेड टू हे जे म्हणतात ते मुख्यतः दिसण्यावरच ठरतं, ग्रेन किती सरळ आणि फेस किती स्वच्छ यावर. बटरफ्लायवाली बॅट खेळायला काही वाईट नसते. पण काचेत लावणाऱ्या माणसाला तुम्ही "खेळायला एकदम मस्त आहे" सांगितलं तर तो चिडणारच ना, त्याला कुठे खेळायचंय. तिथे उत्तर असं हवं की हा लाकडाचा नैसर्गिक डाग आहे, आणि मग स्वतःलाच विचारायचं, मी विकताना हा फोटोत दाखवला होता का? दाखवला असेल तर तुम्ही सरळ आहात. नसेल दाखवला तर डाग नैसर्गिक असला तरी जबाबदारी तुमची.

पेनांमध्ये एबोनाइटचं असंच. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेला माल, त्याच्यावर उजेड आणि ओल पडली की काळा रंग हळूहळू हिरवट-तपकिरी होतो. रिपलवाल्या, म्हणजे रंगांच्या लहरी असलेल्या एबोनाइटमध्ये प्रत्येक पेनाची नक्षी वेगळी येते, वेबसाइटवरच्या फोटोसारखी कधीच येत नाही. हाताने लेथवर केलेल्या पेनात टोपणाच्या आतल्या बाजूला बारीक गोल रेघा दिसतात, त्या डाग नव्हेत, पण त्याच रेघा बाहेरच्या पॉलिशवर दिसत असतील तर ते नीट पॉलिश न केल्याचं लक्षण, ती दुसरी जात. चांदीची क्लिप काळवंडणं हाही डाग नाही, चांदी काळवंडतेच. पण गोल्ड प्लेटिंगखालून पिवळट-लालसर धातू डोकावत असेल तर तो सरळसरळ डिफेक्ट.

एक तक्रार तर ठरलेलीच, "भिया, ये तो यूज्ड पेन भेज दिया", कारण फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई आणणाऱ्या भागात, शाईचा निळा अंश दिसला. काही कंपन्या निब चालतं का ते शाईत बुडवून बघतात आणि मग धुतात, थोडं राहून जातं. हे लिस्टिंगमध्ये एका ओळीत आधीच लिहून टाकलं की अर्धी झिकझिक वाचते. आणि निब खरखरतंय ही दिसण्याची तक्रार नाही, लिहिण्याची आहे, तिला या सगळ्यात घुसवू नका, ती सरळ वॉरंटीत जाते.

गाड्यांचा भाग सगळ्यात मजेशीर. डाय-कास्टची बॉडी झॅमॅकची असते, म्हणजे जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं, त्यावर पेंट, त्यावर सिलिकॉनच्या गादीने मारलेली छपाई, तिला टॅम्पो म्हणतात. १:६४ च्या गाडीवर टॅम्पो अर्धा मिलिमीटर सरकला तर खऱ्या गाडीच्या हिशोबाने तो ३२ मिलिमीटर सरकला, म्हणून डोळ्याला लगेच खटकतो, पण फॅक्टरीच्या हिशोबात अर्धा मिलिमीटर चालून जातो. उलट टॅम्पो एका बाजूला छापलाच गेला नसेल किंवा दोनदा बसला असेल तर त्याला "एरर पीस" म्हणतात आणि काही लोक त्याचे जास्त पैसे मोजतात. त्यामुळे अशी तक्रार आली की घाईघाईने "परत पाठवा, रिफंड देतो" म्हणायच्या आधी गिऱ्हाईकाला सांगा की बाबा, हा एरर आहे, ठेवायचा असेल तर विचार कर. हे न सांगता गुपचूप परत घेऊन तोच पीस दुप्पट भावाने विकणारेही आहेत. गाड्या जमवणारी मंडळी एकमेकांशी बोलत असतात, ती गोष्ट लपत नाही.

आणि ब्लिस्टर कार्डवाल्या, म्हणजे पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात बंद आलेल्या गाड्यांमध्ये कार्ड हाच माल असतो हे लक्षात ठेवा. कोपरा दुमडला, ब्लिस्टरला पोचा आला तर आतली गाडी कितीही चकाचक असो, न उघडता ठेवणाऱ्यासाठी ती खराब झाली. त्याला "डबा तर फेकायचाच असतो" असं म्हणालात तर संपलं.

जुन्या मालात एक वेगळंच दुखणं असतं, झॅमॅकमध्ये शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर वर्षांनंतर बॉडीला फुगे येतात, भेगा पडतात, तुकडे गळतात. त्याला झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात आणि त्याच्यावर इलाज नाही. पेंटखाली फुगे दिसले तर ते "पेंट डिफेक्ट" म्हणून स्वस्तात खपवू नका, आज फुगा आहे, उद्या भेग असेल.

तुमची पट्टी लिहून ठेवा

किती मोठा डाग म्हणजे डाग, हे तक्रार आल्यावर ठरवलंत तर प्रत्येक वेळी तुमच्या मूडवर आणि समोरच्याच्या आवाजावर ठरेल. आमची पट्टी साधी आहे, हाताच्या अंतरावर धरायचं, खिडकीच्या उजेडात, साधारण दहा सेकंद बघायचं. तेवढ्यात दिसला तर डाग, नाही दिसला तर नोंद करायची पण डाग म्हणायचं नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा लावला की कुठल्याही नव्या कोऱ्या लॅकरवर, म्हणजे वरच्या चकचकीत थरावर, बारीक रेघांचं जाळं दिसतं, सराफ्यातलं ते १०एक्स भिंग लावलं तर मग देवच वाचवो. टॉर्च रेकॉर्डसाठी वापरा, निकालासाठी नाही. रंगाची तक्रार असेल तर दोघांनी दिवसाच्या उजेडात बघायचं, कारण पिवळ्या बल्बखाली आणि पांढऱ्या ट्यूबखाली एकच मरून दोन वेगळे मरून दिसतात आणि फोनचा कॅमेरा तिसराच दाखवतो.

पट्टी सगळीकडे एकच नसावी. टोपणाचा पुढचा भाग, गाडीचं बॉनेट, बॅटचा फेस, एडिशन नंबरची जागा, इथे काहीच चालत नाही. बॅरलच्या आत, गाडीच्या बेसवर, बॅटच्या ग्रिपखाली थोडं चालतं. आणि भाव बघून पट्टी कडक व्हायलाच पाहिजे, ₹६०० च्या गाडीला आणि ₹४०,००० च्या पेनाला एकच माप लावणारा दुकानदार गिऱ्हाईकाला गृहीत धरतोय. हे सगळं चार ओळींत लिहून लिस्टिंगखाली टाका, दुकानात काउंटरवर ठेवा.

माल आला त्याच दिवशी

इथे एक खरी अडचण आहे. उघडून तपासलं तर सील तुटतं, सील तुटलं तर काही गिऱ्हाइकांसाठी पीसचा भाव पडतो, आणि नाही उघडलं तर आत काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही. यावर एकच रस्ता बरा वाटतो, बुकिंग घेतानाच विचारायचं, "उघडून तपासून पाठवू की सीलबंद जसा आला तसा?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्यायचं. सीलबंद मागणाऱ्याला सांगायचं की आतलं मी बघितलेलं नाही, काही निघालं तर परत घेईन, पण दुसरा पीस मिळेल याची खात्री नाही. सीलबंद घेतला म्हणून तुम्ही जबाबदारीतून सुटलात असं नाही, फक्त दोघांनाही आधीच कल्पना आहे एवढंच.

उघडायचं ठरलं तर सहाही बाजूंचे फोटो, एडिशन नंबरचा जवळून, आणि एक टॉर्च आडवा लावून. फोटोंवर तारीख असू द्या. हे फोटो दोन कामांना येतात, एक म्हणजे काय पाठवलं याचा पुरावा, आणि दुसरं, जे खूप जणांच्या डोक्यात येत नाही, पीसची ओळख. बॅटच्या ग्रेन, एबोनाइटची नक्षी, ॲक्रिलिकमधली लहर, या एकसारख्या दोन नसतात. परत आलेला पीस तोच आहे का, हे फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं, आणि कोणावर आरोप करायची वेळच येत नाही.

आता ते एमआरपी स्टिकर. आयात मालाच्या डब्यावर एमआरपी, इंपोर्टरचं नाव-पत्ता वगैरे लागतंच, लीगल मेट्रोलॉजीचे, म्हणजे वजन-मापाच्या कायद्याखालचे, २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीज नियम आहेत, आणि ते स्टिकर नेमकं छापील डब्यावरच्या चित्रावर चिकटवलेलं येतं. दरवेळी कोणीतरी लिहितंच की डबा खराब केला. तुम्ही ते काढून विकू शकत नाही. गिऱ्हाईकाला सांगा की हा कायदा आहे, आणि घरी काढायचंच असेल तर हेअर ड्रायरने हलकं गरम करून, कोपऱ्यापासून सावकाश, नखाने खरवडून नाही. डिस्ट्रिब्यूटरला मात्र सांगून ठेवा की स्टिकर डब्याच्या खालच्या बाजूला किंवा बाहेरच्या प्लॅस्टिकवर लावा. काही जण ऐकतात.

पॅकिंगमध्ये स्वतः केलेले डाग सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखे. बबल रॅप सरळ लॅकरवर किंवा पेंटवर लावू नका, इंदूरच्या मे महिन्यात कुरियरच्या गाडीत तो माल तापतो आणि पेंटवर गोल गोल बबलचे ठसे उमटतात, आधी पातळ टिश्यू पेपर, मग बबल. रबर बँड चांदीच्या जवळपास नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकला चिकटतात. आणि डबा डब्यात, मध्ये सगळीकडून दोन बोटं जागा, तीही भरलेली. सही केलेल्या बॅटीला तेल लावून पाठवू नका, प्लीज, अळशीचं तेल खेळायच्या बॅटीला, सहीवर लागलं तर शाई पसरते.

शेवटचं, चार पीस आले तर चारही बुकिंगमध्ये विकू नका. एक मागे ठेवा, बाकीच्यांचा तक्रारीचा काळ संपेपर्यंत. पैसा अडकतो, खरंय, सियागंजच्या घाऊक बाजाराच्या हिशोबाने हा मूर्खपणाच, पण बदलून द्यायला एक पीस हाताशी असला की तुमची बोलायची पद्धतच बदलते. नंतर तो विकला जातोच, लिमिटेड आहे, कुठे जाणार.

तक्रार आली

पहिलं उत्तर लवकर द्यायचं आणि त्यात निकाल द्यायचा नाही. रात्री अकराला फोटो आला तर सकाळी दुकान उघडताना उत्तर गेलं पाहिजे. साधारण असं:

"नमस्कार, फोटो पाहिले. टोपणावरची रेघ मला दिसतेय. कृपया पेन पुसू किंवा घासू नका आणि शाई भरू नका, आहे तसंच डब्यात ठेवा. दिवसाच्या उजेडात एक फोटो हाताच्या अंतरावरून, एक जवळून आणि एक बाहेरच्या खोक्याचा पाठवता का? आज संध्याकाळपर्यंत पर्याय सांगतो."

"घासू नका" हे पहिल्याच मेसेजमध्ये का, तर लोक टूथपेस्ट लावतात, ब्रासो लावतात, गाडीच्या टवक्यावर नेलपॉलिश लावतात आणि मग जो डाग होता तो राहतो बाजूला आणि नवाच निघतो, तो कोणाचा यावर भांडण. खोक्याचा फोटो यासाठी की कोपरा दबलेला असेल तर कुरियरचा क्लेम लवकर लावावा लागतो, तो तुम्ही लावा, गिऱ्हाईकाला कुरियरच्या दारात पाठवू नका.

"अनबॉक्सिंग व्हिडिओ दाखवा, नाहीतर क्लेम नाही" हे वाक्य हल्ली सगळे लिहितात. व्हिडिओ असला तर छानच, मागायलाही हरकत नाही, पण तो नाही म्हणून तक्रारच ऐकायची नाही असा काही कायदा नाही, आणि घरी लेकाच्या वाढदिवसाला बॅट उघडणारा बाप आधी ट्रायपॉड लावत नाही.

मग एक प्रश्न विचारा, ज्याने अर्धी तक्रार उलगडते: "तुम्ही हे वापरणार आहात की जपून ठेवणार आहात?" रोज लिहिणारा माणूस बऱ्याचदा म्हणतो, चार महिन्यांत माझ्याच खिशात दहा रेघा पडतील, थोडं कमी करा, ठेवतो. जमवणारा म्हणतो, मला नकोच. तिसरा असतो ज्याने भेट द्यायला घेतलं, त्याला पैसे नको असतात, त्याला तारीख हवी असते. तिघांना वेगवेगळं द्यावं लागतं आणि न विचारता सगळ्यांना "१०% डिस्काउंट" फेकणं म्हणजे तिघांनाही नाराज करणं.

काय बोलू नये: "कंपनीतूनच असं येतं", "बाकी कोणी तक्रार केली नाही", "इतकं बारीक कोण बघतं". शेवटचं तर चुकूनही नको. बारीक बघणारा आहे म्हणूनच तो तुमचा गिऱ्हाईक आहे, नाहीतर त्याने राजवाड्याजवळ शंभर रुपयांचं पेन घेतलं असतं. टिळक नगरचे एक काका आहेत, दर वेळी भिंग घेऊनच दुकानात येतात. पहिल्यांदा जरा वैताग यायचा. आता पीस आला की मीच म्हणतो, काका, तुम्ही एकदा बघून घ्या.

पर्याय द्या, रकमेसकट

एकाच मेसेजमध्ये सगळे पर्याय, आकड्यांसकट, म्हणजे घासाघीस सुरूच होत नाही. समजा पेन ₹१२,००० चं, रेघ टोपणावर, तुमच्या पट्टीत डाग ठरलेली:

"तीन गोष्टी करता येतील, तुम्ही सांगाल ती करू. १) परत पाठवा, जायचा-यायचा कुरियर माझा, पूर्ण ₹१२,००० परत, पेन हातात आल्यावर दोन दिवसांत. २) तुम्ही ठेवा, मी ₹१,५०० परत करतो, बिलावर रेघेची नोंद करून देतो. ३) कंपनीकडे नवीन टोपण मागवतो, पण टोपणावरचा एडिशन नंबर तोच मिळेल का हे विचारावं लागेल, वेळ लागेल, दर आठवड्याला मी कळवेन."

ती ₹१,५०० कुठून आली? स्वतःला विचारा, ही रेघ सांगून, फोटोसकट हाच पीस उद्या विकायला ठेवला तर किती कमी करावे लागतील? तेवढेच. कुरियरचे वाचले तेवढे द्यायचे, किंवा गप्प बसेल तेवढे द्यायचे, हा हिशोब गिऱ्हाईकाला वास घेऊन कळतो. आणि एकदा रक्कम सांगितली की ती वाढवायची नाही. आवाज चढवला म्हणून ₹१,५०० चे ₹२,५०० झाले तर पुढच्या वेळी तो आवाज चढवूनच सुरुवात करणार, त्याचं तरी काय चुकलं. नाही पटलं तर पहिला पर्याय उघडाच आहे, पूर्ण पैसे परत.

नंबरच्या बाबतीत जरा हळू. कोणी ७८६ शोधून घेतलेला असतो, कोणी १०८, कोणी जर्सीचा नंबर, कोणी मुलीच्या जन्माचा. तुम्ही मागे ठेवलेला स्वच्छ पीस मोठ्या मनाने देऊ केलात आणि त्यावर ३१२ असेल तर त्याला तो नको असू शकतो, डागवाला ७८६ च ठेवायचा असेल. आधी विचारा.

दुरुस्ती तुम्ही स्वतः करायची नाही, आणि न विचारता तर कधीच नाही. पॉलिश केलं की लॅकर पातळ होतं, कोरलेल्या नंबरातला रंग निघतो, प्लेटिंग तर मायक्रॉनमध्ये असतं, एका घासण्यात जातं. सराफ्यातला कारीगर चांदीची क्लिप सुंदर चमकवून देईल, पण जमवणाऱ्याच्या दृष्टीने तो आता "पॉलिश केलेला पीस" झाला. कंपनीच करणार असेल तर करा, आणि काय केलं त्याचा कागद मागा.

कायदा थोडक्यात

"नो रिटर्न, नो एक्स्चेंज" ची पाटी लावून सुटका नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये डिफेक्टच्या व्याख्येत दर्जातली उणीव, अपूर्णता हे सगळं येतं, आणि डिफेक्टिव्ह माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं ही अनुचित व्यापार पद्धत धरली जाते. म्हणून बिलावर मुदत लिहा. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे, हे लक्षात असू द्या. ऑनलाइन विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागतात, तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात, आणि जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या शहरात केस टाकू शकतो, म्हणजे ₹१,५०० साठी तुम्ही गुवाहाटीला तारखा करणार का, हे ठरवा. लोक १९१५ हेल्पलाइनवर फोन करतातच. थोडे पैसे परत दिलेत तर जीएसटीची क्रेडिट नोट कशी काढायची ते तुमच्या सीएला विचारून घ्या, नुसतं यूपीआय करून मोकळं होऊ नका.

डिस्ट्रिब्यूटरशी मगजमारी

गिऱ्हाईकाचं काम डिस्ट्रिब्यूटरच्या उत्तरावर अडकवू नका, ते दोन वेगळे रस्ते आहेत. तिकडून बहुतेक वेळा "कॉस्मेटिक कव्हर होत नाही" असंच येतं. आमच्या एका पुरवठादाराने तर टोपणावरचा टवका हा "हँडमेड कॅरेक्टर" आहे असं लिहून पाठवलं होतं, मशीनवर बनलेल्या पेनाबद्दल. म्हणून ऑर्डर देतानाच मेलवर विचारून ठेवा, दिसण्यातला डाग किती दिवसांत कळवायचा, फोटो कसे हवेत, बदली नसेल तर क्रेडिट किती. आणि रिकामे डबे, स्लीव्ह, ब्लिस्टर प्रोटेक्टर जादा मागा. अख्खा पीस ते देत नाहीत, पण डबा बऱ्याचदा देतात, आणि नुसत्या डब्याच्या तक्रारी त्यातच मिटतात.

परत आलेला पीस

फोटो जुळवा, नंबर जुळवा, डब्यातले कागद मोजा, मग पैसे सोडा, पण सांगितलेल्या दिवसात. पीस पुन्हा विकायला काढताना डागाचा फोटो पहिला लावा, शेवटचा नाही, आणि "सेकंड माल" म्हणून लाजू नका, रोज लिहिणारे लोक अशाच पीसची वाट बघत असतात. डागाची नोंद बिलावर करा म्हणजे पुढे घेणाऱ्याने तो तिसऱ्याला विकला तरी तुमच्याकडे कोणी येणार नाही.

एक वही ठेवा, एक्सेलही चालेल: कुठलं एडिशन, कुठे डाग, कसा मिटला. एकाच एडिशनच्या क्लिपवर तिघांनी एकाच जागी रेघ दाखवली तर ती तिघांची किरकिर नाही, डब्यातली क्लिप अडकवायची खाचच खराब आहे, उरलेल्या गिऱ्हाइकांना तुम्हीच आपणहून फोन करा. आणि एकच माणूस प्रत्येक एडिशनला तक्रार करून प्रत्येक वेळी "ठेवतो, थोडे कमी करा" म्हणत असेल तर त्याला थोडे पैसे परत घेऊन ठेवायचा पर्याय देणं बंद करा, फक्त पूर्ण रिफंड. खरंच बारीक नजरेचा असेल तर तो आनंदाने परत पाठवेल. अशा गिऱ्हाईकाकडून आम्ही कुरियरचं बुकिंगच घेत नाही, इंदूर-देवास-उज्जैनचा असेल तर म्हणतो, दादा, दुकानात या, ट्रेमध्ये सगळे मांडून ठेवतो, खिडकीपाशी बसा, तुमच्या हाताने निवडा आणि बिलावर "पाहून घेतला" अशी सही करा.